मुहूर्त विभाजनाचा, किल्ली कोठीघराची

पेट स्कॅनसाठी येणाऱ्या रुग्णाला किमान चार ते सहा तास उपाशी राहावयास सांगतात. तो आल्यावर प्रथम त्याच्या रक्तातील साखर मोजली जाते आणि ती आटोक्यात असल्याची खात्री झाल्यावर किरणोत्सारी अणू जोडलेले ग्लुकोजसदृश द्रव्य शिरेतून टोचले जाते. सुमारे तासाभराच्या विश्रांतीनंतर यंत्राच्या पडद्यावर शरीराचा आराखडा उमटतो. ज्या भागात ग्लुकोज अधिक वेगाने ओढले जात आहे, तो भाग त्यात उजळून दिसतो. कर्करोगाची गाठ बहुधा अशी उजळते. हा अहवाल हाती पडला, की अनेक घरांत एकच निष्कर्ष निघतो: साखर हे कर्करोगाचे खाद्य आहे, तेव्हा साखर बंद! प्रथम चहातील साखर जाते, पाठोपाठ भात जातो, पोळी जाते, फळेही जातात. औषधोपचारांनी आधीच थकलेला रुग्ण आणखी खंगत जातो.

गंमत अशी, की त्याच पडद्यावर मेंदूही लखलखत असतो. मेंदूतील बहुतेक चेतापेशी प्रौढ वयात कधीच विभागत नाहीत. म्हणजे ग्लुकोज भरपूर वापरणारी प्रत्येक पेशी कर्करोगाची नसते. मग गाठीतील पेशीची भूक आणि निरोगी पेशीची भूक यांत फरक कोणता? पेशीने किती खावे, खाल्लेल्याचे काय करावे, हे ठरवते तरी कोण? गेल्या दोन-अडीच दशकांतील संशोधनाने या प्रश्नाचे जे उत्तर पुढे आणले आहे, ते अनपेक्षित आहे. पेशीने केव्हा विभागावे हे ठरवणारी प्रथिनेच तिच्या चयापचयाचीही बरीचशी सूत्रे हलवतात. लग्नघरात मुहूर्ताकडे लक्ष ठेवणाऱ्या वडीलधाऱ्या व्यक्तीच्याच कनवटीला कोठीघराची किल्ली असावी, तसाच हा प्रकार आहे. कर्करोग आणि मधुमेह हे वरकरणी एकमेकांपासून दूर वाटणारे दोन आजार या एका किल्लीपाशी येऊन भेटतात.

यीस्टपासून नोबेलपर्यंत

पेशी विभागते ती मनाला येईल तेव्हा नव्हे. तिच्या आयुष्याचे चार टप्पे मानले जातात. पहिल्या टप्प्यात ती वाढते आणि विभाजन करावयाचे की नाही याचा निर्णय घेते. दुसऱ्यात तिच्या डीएनएची प्रत तयार होते. तिसऱ्यात या प्रतीची तपासणी होते आणि चौथ्यात पेशीचे प्रत्यक्ष दोन भाग होतात. या चार टप्प्यांच्या फेऱ्याला पेशीचक्र असे म्हणतात. मानवी शरीरात हे चक्र कोठे अखंड चालू असते, तर कोठे थांबलेले असते. अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या रक्तपेशी तयार होतात. उलट हृदयाच्या स्नायूतील पेशी क्वचितच विभागतात.

या चक्राचे नियंत्रण कसे होते, हे उलगडण्याचे श्रेय प्रामुख्याने तीन शास्त्रज्ञांना जाते. अमेरिकेतील लेलँड हार्टवेल यांनी पाव फुगवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या यीस्टवर प्रयोग करून चक्रातील निरनिराळ्या पायऱ्यांवर अडून बसणारे उत्परिवर्ती यीस्ट शोधले आणि त्यातून चक्र नियंत्रित करणाऱ्या जनुकांची ओळख पटवली. ब्रिटनमध्ये पॉल नर्स यांनी यीस्टच्याच दुसऱ्या एका जातीत चक्राचे मुख्य चाक फिरवणारे जनुक शोधले आणि १९८७ मध्ये तेच काम करणारे जनुक मानवी पेशीतही असल्याचे दाखवून दिले. टिम हंट यांना १९८०च्या दशकाच्या प्रारंभी सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांत एक विलक्षण प्रथिन आढळले. प्रत्येक विभाजनापूर्वी ते साठत जाई आणि विभाजन होताच नाहीसे होई. चक्रानुसार येजा करणाऱ्या या प्रथिनाला त्यांनी सायक्लिन असे नाव दिले. या तिघांना २००१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

या शोधांतून उभे राहिलेले चित्र थोडक्यात असे आहे. पेशीत सीडीके नावाच्या विकरांचा एक गट असतो. इतर प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का मारून त्यांना चालू किंवा बंद करणे, हे त्यांचे काम. मात्र सायक्लिनची जोड मिळाल्याशिवाय ही विकरे निष्क्रिय राहतात. पहिल्या टप्प्याच्या दारावर आरबी हे प्रथिन पहारा देत असते. त्याने ई२एफ नावाच्या प्रथिनांना धरून ठेवलेले असते. वाढीचा संदेश आला, की सायक्लिन-डी तयार होते, ते सीडीके-४ आणि सीडीके-६ यांना जागे करते, ही विकरे आरबीवर शिक्का मारतात आणि आरबीची पकड सुटते. मोकळी झालेली ई२एफ प्रथिने केंद्रकातील डझनावारी जनुके चालू करतात आणि पेशी विभाजनाच्या वाटेला लागते. डोळ्याच्या पडद्यावर लहान मुलांमध्ये होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगात हा आरबी पहारेकरीच नाहीसा झालेला असतो. त्याचे नावही या आजारावरूनच पडले आहे.

कोठी आधी, कार्य मागाहून

विभाजन हे खर्चाचे काम आहे. एका मानवी पेशीतील डीएनएमध्ये सुमारे ६०० कोटी अक्षरजोड्या असतात. विभाजनापूर्वी या सर्वांची नक्कल करावयाची, तर तेवढा कच्चा माल काही तासांत उभा करावा लागतो. शिवाय नव्या पेशीसाठी आवरणाचे मेद हवेत, प्रथिनांसाठी अमिनो आम्ले हवीत. दारात मांडव पडण्यापूर्वी कोठीघर भरलेले असावे लागते, हा व्यवहार पेशीलाही चुकलेला नाही.

ई२एफ प्रथिने चालू करतात त्या जनुकांची यादी पाहिली, की हे स्पष्ट होते. त्यांत डीएनएचे सुटे घटक तयार करणाऱ्या विकरांच्या जनुकांचा मोठा वाटा असतो. डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे त्यांपैकीच एक विकर. पेशीचक्राचे नियंत्रण कळण्याच्या कितीतरी आधी वैद्यकाने नेमका याच विकरावर घाव घातला होता. भीमावरम येथे जन्मलेले भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत तयार झालेले अमिनोप्टेरिन हे औषध सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या बालकांना दिले आणि १९४८ मध्ये त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. त्या काळी असाध्य मानल्या गेलेल्या या आजाराला काही बालकांत काही काळ का होईना, उतार पडला होता. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. कोठीत धान्यच नसेल, तर कार्य होणार कसे, हे या औषधाचे साधे तत्त्व होय.

याहून जुने कोडे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबर्ग यांनी १९२०च्या दशकात मांडले. सामान्य पेशी ऑक्सिजन उपलब्ध असताना ग्लुकोजचे तंतुकणिकांमध्ये पूर्ण ज्वलन करते. त्यातून ग्लुकोजच्या एका रेणूमागे ऊर्जेची सुमारे ३० नाणी, म्हणजे एटीपीचे रेणू, मिळतात. कर्करोगाची पेशी मात्र ऑक्सिजन असूनही पुष्कळसे ग्लुकोज अर्धवट मोडून लॅक्टिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकते. या मार्गाने हाती पडतात ती अवघी दोन नाणी. ही उधळपट्टी कशासाठी? तंतुकणिका नादुरुस्त झाल्यामुळे असे घडते आणि हेच कर्करोगाचे मूळ होय, अशी वारबर्ग यांची धारणा होती. ती आता टिकलेली नाही. बहुतेक गाठींतील तंतुकणिका चालू स्थितीत असतात, हे पुढे सिद्ध झाले. विभाजनाच्या वाटेवरील पेशीला केवळ इंधन नको असते, बांधकामाचा मालही हवा असतो. ग्लुकोज पूर्ण जाळले, तर त्याचा कार्बन वायुरूपाने उडून जातो. ते मध्येच अडवले, तर त्याच्या तुकड्यांपासून डीएनएचे घटक, मेद आणि अमिनो आम्ले घडवता येतात.

हे अडवणे आणि वळवणे कोणाच्या हुकुमाने होते, याचे एक ठळक उदाहरण २०१७ मध्ये पुढे आले. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगात सायक्लिन-डी-३ आणि सीडीके-६ ही जोडी फार सक्रिय असते. ती ग्लुकोज मोडणाऱ्या साखळीतील दोन महत्त्वाच्या विकरांवर फॉस्फेटचा शिक्का मारून त्यांचा वेग कमी करते, असे दिसून आले. मुख्य रस्ता असा अरुंद झाल्यावर ग्लुकोजचा ओघ आडवाटांना लागतो. या आडवाटांवर पेशीला बांधकामाचा माल तर मिळतोच, शिवाय ऑक्सिजनच्या घातक उपपदार्थांपासून बचाव करणारी द्रव्येही तयार होतात. संशोधकांनी औषधाने ही जोडी बंद केली, तेव्हा या पेशी नुसत्या विभागायच्या थांबल्या नाहीत. बचावाची द्रव्ये संपल्याने त्या मेल्या. मुहूर्त सांभाळणाऱ्याने कोठीवरही पहारा ठेवला होता, याचा हा थेट पुरावा होता.

न विभागणाऱ्या पेशीतील पहारेकरी

येथपर्यंतची कथा विभागणाऱ्या पेशींची झाली. खरे आश्चर्य पुढेच आहे. ज्या पेशी विभागण्याच्या विचारातही नसतात, त्यांमध्येही ही प्रथिने हजर असतात आणि काम करत असतात. यकृत, स्वादुपिंड आणि मेदपेशी ही त्याची तीन उदाहरणे.

आपण जेवतो, तेव्हा स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते. यकृताने आता साखर तयार करणे थांबवावे, असा त्याचा एक संदेश असतो. हा संदेश यकृताच्या पेशीत पोहोचवणारा एक निरोप्या म्हणजे सायक्लिन-डी-१ आणि सीडीके-४ ही जोडी होय, असे उंदरांवरील प्रयोगांतून २०१४ मध्ये दाखवण्यात आले. इन्शुलिनमुळे ही जोडी सक्रिय होते आणि मधल्या दोन प्रथिनांमार्फत साखर बनवणाऱ्या जनुकांचे तोंड बंद करते. या सर्व खटाटोपात यकृताची पेशी विभागत मात्र नाही. यकृतातून सायक्लिन-डी-१ काढून टाकले, तर उंदरांच्या यकृतात साखरेचे उत्पादन वाढते आणि रक्तातील साखर चढते. मधुमेही उंदरांमध्ये तर ही जोडी सतत चालूच राहते. उपास असो वा जेवण, तिला फरक जाणवेनासा होतो.

स्वादुपिंडातील इन्शुलिन स्रवणाऱ्या बीटा पेशींचीही कथा अशीच आहे. तेथे ई२एफ-१ हे प्रथिन पोटॅशियमची ये-जा नियंत्रित करणाऱ्या वाहिनीचा एक घटक तयार करवते, असे २००९ मध्ये स्पष्ट झाले. ग्लुकोज वाढले, की सीडीके-४ जागे होते, आरबीची पकड सैल होते, ई२एफ-१ मोकळे होते आणि इन्शुलिन स्रवण्याची यंत्रणा सज्ज राहते. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहावरील परिचित औषधे याच वाहिनीवर काम करतात. ज्या यंत्रणेचा शोध कर्करोगाच्या अभ्यासातून लागला, तीच यंत्रणा मधुमेहाच्या गोळीच्या शेजारी उभी आहे.

मेदपेशीत सीडीके-४ इन्शुलिनचा संदेश बळकट करते आणि चरबी साठवण्यास मदत करते. उंदरांमध्ये ते काढून टाकले, तर साठवलेली चरबी अधिक वेगाने वितळते, असे २०१६ मधील संशोधन सांगते. स्नायू आणि तपकिरी मेद यांमध्ये ई२एफ-१ चे काम उलट्या दिशेने चालते. ते ज्वलनाची जनुके दाबून ठेवते. ई२एफ-१ नसलेल्या उंदरांचे स्नायू अधिक ज्वलन करतात, असे २०११ मध्ये आढळून आले. एकंदरीत, मिळालेले अन्न साठवावे आणि उभारणीकडे वळवावे, जाळून टाकू नये, हा या सर्व प्रथिनांचा कल आहे. विभाजनाच्या तयारीत असलेल्या पेशीला हेच हवे असते. निसर्गाने तीच यंत्रणा जेवणानंतरच्या साठवणुकीसाठीही वापरून घेतली.

लगाम ओढणारे हात

जेथे वेग आहे, तेथे लगामही हवा. पी-५३ हे असेच लगामाचे काम करणारे प्रथिन. डीएनएला इजा झाली, की ते चक्र थांबवते आणि इजा फार असेल, तर पेशीला आत्मनाशाकडे नेते. मानवी कर्करोगांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये त्याचे जनुक बिघडलेले आढळते. २००६ मध्ये दोन स्वतंत्र संशोधनांतून या प्रथिनाची दुसरी बाजू उजेडात आली. पी-५३ तंतुकणिकांतील ज्वलनाला आवश्यक असे एक प्रथिन तयार करवते आणि त्याच वेळी ग्लुकोज घाईघाईने मोडण्याच्या क्रियेला आवर घालणारे आणखी एक प्रथिनही निर्माण करते. म्हणजेच वारबर्ग यांना दिसलेल्या उधळपट्टीच्या नेमक्या उलट दिशेला पेशीला ठेवण्याचे काम ते करत असते. पी-५३ बिघडले, की चक्राचा लगाम सुटतो आणि चयापचयाचाही सुटतो.

हा संवाद एकाच दिशेने चालत नाही. पेशीतील ऊर्जा कमी पडू लागली, की एएमपीके नावाचे विकर सावध होते. ते पी-५३ला इशारा देते आणि पेशीला पहिल्याच टप्प्यात थांबवते, असे २००५ मध्ये दिसून आले. कोठीत शिधा नसेल, तर मुहूर्त पुढे ढकलला जातो.

मेंदूतील चेतापेशींचे उदाहरण तर मोठे उद्बोधक आहे. पेशीचक्राच्या ठरावीक टप्प्यावर जुनी प्रथिने मोडीत काढणारी एक यंत्रणा असते. चेतापेशींनी विभाजन कायमचे सोडलेले असले, तरी ही यंत्रणा त्यांच्यात अव्याहत चालू असते. ग्लुकोज मोडण्याचा वेग वाढवणारे एक विकर ती सातत्याने नष्ट करते. त्यामुळे चेतापेशी ग्लुकोजचा एक वाटा घाईने न मोडता स्वतःच्या बचावाची द्रव्ये घडवण्याकडे वळवतात. २००९ मधील प्रयोगांत संशोधकांनी चेतापेशींना जबरदस्तीने ग्लुकोज वेगाने मोडावयास लावले, तेव्हा ती द्रव्ये कमी पडून या पेशी मरू लागल्या. विभागणाऱ्या पेशीत मात्र हीच मोडीची यंत्रणा योग्य वेळी थांबते, ते विकर साठते आणि ग्लुकोजच्या वापराला वेग येतो. एकाच दोरीने एका पेशीला वेग द्यावा आणि दुसरीला आयुष्यभर जपावे, असा हा प्रकार आहे.

नवव्या गुणसूत्रावरील एक पत्ता

प्रयोगशाळेतील या उंदीरकथांचा माणसांशी संबंध किती, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे एक उत्तर २००७ मध्ये मिळाले. त्या वर्षी हजारो व्यक्तींच्या जनुकसंचाची तपासणी करून प्रकार-२ मधुमेहाशी निगडित जागा शोधण्याचे काम अनेक गटांनी केले. त्यांत नवव्या गुणसूत्रावरील एक पत्ता पुनःपुन्हा समोर आला. तेथे शेजारी राहणारी जनुके होती पी-१६ आणि पी-१५ या प्रथिनांची. सीडीके-४ आणि सीडीके-६ यांना आवर घालणे, हेच या प्रथिनांचे मुख्य काम. त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगाचा आनुवंशिक धोका असलेल्या काही कुटुंबांत पी-१६ चेच जनुक बिघडलेले असते, हे १९९४ पासून ठाऊक होते. म्हणजे एकाच वस्तीत एका वळणावर कर्करोगाचा धोका होता आणि दुसऱ्या वळणावर मधुमेहाचा. या पत्त्याचा मधुमेहाशी असलेला संबंध भारतीयांतही आढळतो का, हे ५१६४ व्यक्तींच्या एका अभ्यासात तपासण्यात आले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने भारतीयांतही असा संबंध असल्याचा निर्वाळा दिला.

यामागील एक कारण वयाशी जोडलेले आहे. बीटा पेशी प्रामुख्याने बालपणी विभागतात. वय वाढते तसे त्यांच्यात पी-१६ साचत जाते आणि नव्या बीटा पेशी तयार होणे जवळपास थांबते. २००६ मध्ये उंदरांवरील संशोधनातून हे स्पष्ट झाले. त्याआधी, १९९९ मध्ये, सीडीके-४ नसलेले उंदीर तयार करण्यात आले होते. ते आकाराने लहान राहिले आणि त्यांच्यात बीटा पेशी इतक्या थोड्या होत्या, की त्यांना मधुमेह जडला. पी-१६ला दाद न देणारे सीडीके-४ ज्या उंदरांत होते, त्यांच्यात मात्र बीटा पेशींची भरभराट झाली. ही बातमी मधुमेहींसाठी आशादायक वाटावी अशीच होती. पण पुढे याच प्रकारच्या उंदरांत निरनिराळ्या ग्रंथींमध्ये गाठी उद्भवल्या. लगाम काढला, तर घोडा धावतो. परंतु तो कोठे जाऊन थांबेल, याची हमी कोणी देत नाही.

भारतात या प्रश्नाला वेगळेच वजन आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. प्रकार-२ मधुमेह असणाऱ्यांत यकृत, स्वादुपिंड, गर्भाशय, मोठे आतडे आणि स्तन यांच्या कर्करोगाचे प्रमाण काहीसे अधिक आढळते, असा निष्कर्ष मधुमेह आणि कर्करोग या दोन क्षेत्रांतील अमेरिकी संघटनांनी २०१० मध्ये एकत्रितपणे काढला. लठ्ठपणा, वय, व्यायामाचा अभाव ही दोन्ही आजारांची समान कारणे आहेतच. त्यांच्या जोडीला शरीरात सतत चढलेले इन्शुलिन हेही एक संभाव्य कारण मानले जाते. इन्शुलिन हा केवळ साखरेचा नव्हे, तर वाढीचाही संदेश असतो आणि तो ज्या दारावर जाऊन थापा मारतो, त्यामागे सायक्लिन-डी उभे असते, हे लक्षात घेतले, म्हणजे या दोन आजारांचे नाते तितकेसे गूढ राहत नाही.

दुधारी शस्त्र

या ज्ञानाचा पहिला मोठा लाभ स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना झाला. सीडीके-४ आणि सीडीके-६ यांना रोखणारे पाल्बोसिक्लिब हे औषध २०१५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. रायबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब ही त्याची भावंडे २०१७ मध्ये आली. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या, पण शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात संप्रेरकविरोधी औषधांबरोबर ही औषधे दिल्यास आजार बराच काळ आटोक्यात राहतो. भारतात पाल्बोसिक्लिबच्या पेटंटची मुदत २०२३ मध्ये संपल्यानंतर त्याची जेनेरिक रूपे बाजारात आली.

ही औषधे पेशीचक्र थांबवण्यासाठी तयार झाली. मात्र ती ज्या विकरांना गाठतात, ती विकरे यकृतात, मेदपेशींत आणि स्वादुपिंडातही काम करत असतात. म्हणून त्यांचा चयापचयावर काय परिणाम होतो, हा निव्वळ पुस्तकी प्रश्न राहत नाही. रक्ताच्या कर्करोगावरील वर सांगितलेल्या प्रयोगात हा परिणामच उपकारक ठरला: चयापचय कोलमडल्याने पेशी मेल्या. अन्य गाठींमध्ये हीच औषधे पेशींना बहुधा थांबवतात, मारत नाहीत. थांबलेली पेशी कोणत्या इंधनावर तग धरते, हे कळले, तर दुसऱ्या औषधाने ती वाट बंद करता येईल, या दिशेने संशोधन सुरू आहे.

मधुमेहाच्या बाजूने प्रवास उलट दिशेने चालला आहे. तेथे थांबलेले चक्र पुन्हा फिरवावयाचे आहे. हरमल या वनस्पतीत आढळणारे हार्मिन हे द्रव्य प्रयोगशाळेत मानवी बीटा पेशींना विभागावयास लावते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२४ मध्ये याच दिशेचे पुढचे पाऊल पडले. ज्या उंदरांत मानवी बीटा पेशी रोपल्या होत्या, त्यांना हार्मिन आणि मधुमेहावरील एका औषधकुळातील द्रव्य एकत्र दिले असता तीन महिन्यांत या पेशींचे प्रमाण चार ते सात पटींनी वाढले. आशा मोठी आहे, पण १९९९ नंतरच्या त्या उंदरांची आठवण ठेवूनच पुढे जावे लागेल. फक्त बीटा पेशीच विभागाव्यात, त्याही हव्या तेवढ्याच, आणि इतर कोणत्याही पेशीला त्याची वार्ता लागू नये, ही यातील खरी कसोटी आहे. हे सर्व काम अद्याप प्रयोगावस्थेत असल्याने हरमलचे बी आणून घरगुती काढा करून पिण्याचा मोह कोणी धरू नये. या वनस्पतीतील द्रव्ये मज्जासंस्थेवर परिणाम करणारी आणि अधिक प्रमाणात विषारी आहेत.

साखर सोडावी का?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळता येईल. गाठीतील पेशी अधिक ग्लुकोज ओढते, हे खरे. पण ती भुकेली असते, याचे कारण रुग्णाच्या चहात दोन चमचे साखर होती, हे नव्हे. तिच्या दारावरचा पहारेकरी नाहीसा झाला आहे, आणि मुहूर्त व कोठी या दोन्हींचा ताबा बेलगाम हातांत गेला आहे, हे ते कारण होय.

शिवाय ताटातली साखर थांबवल्याने रक्तातली साखर संपत नाही. माणूस उपाशी राहिला, की यकृत स्वतःच ग्लुकोज तयार करू लागते. मेंदूचा पुरवठा खंडित होऊ नये, यासाठी शरीराने केलेली ही हजारो पिढ्यांची तजवीज आहे. त्यासाठी लागणारा माल यकृत कोठून आणते? बऱ्याच अंशी स्नायूंतील प्रथिने मोडून. म्हणजे पोळी-भात सोडलेल्या रुग्णाच्या गाठीला ग्लुकोज मिळतच राहते. झिजतात ते त्याचे दंड आणि मांड्या. ग्लुकोज कमी पडलेच, तर अनेक गाठींतील पेशी ग्लुटामिन हे अमिनो आम्ल किंवा मेद वापरून वेळ निभावून नेतात. उपचारांच्या काळात वजन आणि स्नायू घटलेल्या रुग्णाला औषधे सोसत नाहीत, मात्रा कमी करावी लागते, प्रसंगी उपचार लांबणीवर पडतात. उपासमार झालीच, तर ती गाठीआधी रुग्णाची होते.

याचा अर्थ गोडधोड मनसोक्त खावे, असा अर्थातच नाही. ज्या रुग्णाला मधुमेहही आहे, त्याची साखर आटोक्यात ठेवणे आवश्यकच असते. ज्यांना कोणताच आजार नाही, त्यांनीही वजन आणि साखर यांवर लक्ष ठेवावे, कारण सतत चढलेले इन्शुलिन पेशींच्या दारावर वाढीचा निरोप घेऊन उभे राहते. मात्र उपचार घेत असलेल्या रुग्णाच्या ताटातून काय काढावे आणि काय वाढावे, हे त्याच्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी ठरवावयाचे असते. पडद्यावरील उजळ ठिपका पाहून घरातील मंडळींनी तो निर्णय घेणे धोक्याचे आहे.

एकेकाळी वैद्यकशास्त्राने कर्करोगाला वाढीचा आजार आणि मधुमेहाला साखरेचा आजार म्हणून दोन निराळ्या कप्प्यांत ठेवले. पेशीला असे कप्पे ठाऊक नाहीत. वाढावे की थांबावे आणि साठवावे की जाळावे, हे दोन प्रश्न तिच्यापुढे एकाच वेळी येतात आणि त्यांची उत्तरे ती त्याच मूठभर प्रथिनांना विचारून देते. ही प्रथिने पूर्णपणे समजून घेण्याचे काम अजून बरेच बाकी आहे. तोवर रुग्णाच्या पानात त्याला सोसेल असा गरम भात-वरणाचा घास पडत राहणे, हाही उपचाराचाच भाग आहे.